तोटा आधी होतो, ताळेबंदात नंतर दिसतो : बँकेची जोखीम, सांगली-साताऱ्याच्या नजरेतून

सांगली बँक १९१६ साली निघाली. युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ साली साताऱ्यात सुरू झाली. आज या दोन्ही नावांच्या पाट्या कुठेच नाहीत. भांडवल नियमाच्या खाली गेल्यामुळे २ सप्टेंबर २००६ रोजी युनायटेड वेस्टर्नच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि ३ ऑक्टोबरला ती आयडीबीआयमध्ये विलीनही झाली. एप्रिल २००७ मध्ये सांगली बँक आयसीआयसीआय बँकेत गेली. डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. तिन्हींची कारणं वेगळी, शेवटही वेगळा. पण बाहेरच्या माणसाला प्रत्येक वेळी बातमी कळली ती एका दिवशी. आत गोष्टी घडत असतात त्या मात्र वर्षानुवर्षं.

बँक चालवणं अवघड का, हे समजून घ्यायचं तर एवढं एक सूत्र हातात धरावं: बँकेत तोटा आधी होतो आणि कागदावर नंतर उतरतो. किराणा दुकानात तांदळाला पोरकिडे लागले तर पोतं उघडताच दिसतात. कर्ज बिघडलं तर ते खातं वर्षभर, कधी दोन-तीन वर्षं, धडधाकट दिसत राहू शकतं. या मधल्या काळात व्यवस्थापन काय करतं, त्यावर बँकेचं नशीब ठरतं.

शंभर कोटींची बँक, दहा कोटींचं भांडवल

आधी थोडी आकडेमोड करू. समजा एका नागरी सहकारी बँकेकडे १०० कोटींच्या ठेवी आहेत आणि भाग भांडवल व निधी मिळून स्वतःचे १० कोटी. एकूण ११० कोटी. यातले ३ कोटी रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार रोख राखीव म्हणून बिनव्याजी ठेवायचे. २ कोटी तिजोरीत आणि एटीएममध्ये. ५ कोटी इमारत, फर्निचर, संगणक यांत अडकलेले. ३० कोटी सरकारी रोख्यांत आणि इतर बँकांत; ठेवींच्या १८ टक्के रक्कम रोख्यांसारख्या सुरक्षित गुंतवणुकीत ठेवणं बंधनकारकच आहे. उरले ७० कोटी, ते कर्जाऊ दिले.

कर्जावर साडेदहा टक्के म्हणजे ७ कोटी ३५ लाख व्याज येतं. गुंतवणुकीवर सात टक्के म्हणजे २ कोटी १० लाख. जमा ९ कोटी ४५ लाख. ठेवींवर सरासरी सहा टक्के दिले तर ६ कोटी गेले. पगार, भाडं, वीज, सॉफ्टवेअर, विमा यांत २ कोटी ४० लाख. हाती राहिले १ कोटी ५ लाख.

आता ७० पैकी ७ कोटींची कर्जं थकली. ९० दिवस हप्ता किंवा व्याज न आल्यानं ती एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्जं, झाली. एनपीए खात्यावरचं न आलेलं व्याज उत्पन्न म्हणून धरता येत नाही, म्हणून साडेत्र्याहत्तर लाख गेले. वर पहिल्या वर्षी नागरी सहकारी बँकेला अशा कर्जाच्या १० टक्के तरतूद करावी लागते, म्हणजे बुडण्याच्या शक्यतेपोटी तेवढी रक्कम नफ्यातून बाजूला काढावी लागते: आणखी ७० लाख. १ कोटी ५ लाखांच्या नफ्याच्या जागी साडेअडतीस लाखांचा तोटा. दहा कर्जांतलं फक्त एक बिघडलं, तरी वर्षाचं गणित उलटलं. ठेवीदारांना सहा टक्के तर द्यायचेच आहेत, त्यात सूट नाही.

हे झालं पहिल्या वर्षाचं. वर्षभरात खातं सुधारलं नाही तर ते ‘संशयित’ वर्गात जातं. तारण असलेल्या रकमेवर आधी २० टक्के, मग ३० टक्के आणि संशयित होऊन तीन वर्षं उलटली की १०० टक्के तरतूद. तारण नसलेल्या भागावर लगेच पूर्ण. शेवटी ७ कोटींतले निम्मेच वसूल झाले, तर स्वतःच्या १० कोटींतले साडेतीन कोटी संपले. नियमानं लहान बँकेला जोखीमभारित मालमत्तेच्या (कर्ज-गुंतवणूक जितकी जोखमीची तितकं वजन देऊन केलेल्या बेरजेच्या) ९ टक्के भांडवल लागतं. १०० कोटींवर ठेवी असलेल्या बँकांना मार्च २०२६ अखेरपर्यंत १२ टक्के गाठायचे होते. भांडवल घटलं की नवं कर्ज देता येत नाही, नवं कर्ज नाही म्हणून उत्पन्न नाही, उत्पन्न नाही म्हणून भांडवल वाढत नाही. या भोवऱ्यातून फार थोड्या बँका स्वतःच्या बळावर बाहेर येतात.

म्हणूनच खातं एनपीए होऊ नये यासाठी जी धडपड होते, ती दोन प्रकारची असते. एक खरी वसुली. दुसरी कागदी.

नवं-जुनं

कागदी धडपडीला आपल्याकडे सोपं नाव आहे: नवं-जुनं करणं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कर्जदाराला, किंवा त्याच्या भावाच्या नाहीतर जावयाच्या नावानं, नवीन कर्ज मंजूर करायचं आणि त्यातून जुनं भरून घ्यायचं. ३१ मार्चला जुनं खातं बंद, नवं खातं ताजं. पीककर्जात जुनं पूर्ण भरून नव्या हंगामासाठी नवं घेणं ही रीतच आहे, तिथे गैर काही नाही. पण धंदा बसलेल्या माणसाला, परतफेडीची कुवत न तपासता, मूळ रकमेत व्याज मिसळून पुन्हा कर्ज देणं म्हणजे तोटा पुढच्या वर्षावर ढकलणं. ४० लाखांचं कर्ज चार वर्षांत याच वाटेनं ६० लाखांचं होतं आणि तारण मात्र तेच राहतं.

चांगलं व्यवस्थापन याच्या उलट वागतं. हप्ता चुकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून खात्यावर खूण पडते: ३० दिवसांपर्यंत पहिली पायरी, ६० पर्यंत दुसरी, ९० पर्यंत तिसरी. पहिल्या तीस दिवसांत शाखाधिकाऱ्यानं दुकानात जाऊन बसणं हे नंतरच्या दहा नोटिशींपेक्षा जास्त उपयोगी पडतं. कारण तेव्हा कर्जदाराकडे अजून विकण्यासारखं काही असतं आणि बोलण्याची तयारीही असते. नंतर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला, किंवा तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याची ६० दिवसांची नोटीस, मग ताब्यासाठी जिल्हाधिकारी किंवा न्यायदंडाधिकारी. हा रस्ता कायदेशीर आहे, पण लांब आहे. तेवढ्यात घराचं छप्परही गळायला लागतं आणि जामीनदारही नॉट रीचेबल.

शेतीकर्जात उशीर आणखी मोठा. कमी मुदतीच्या पिकासाठी दोन हंगाम आणि वर्षाहून जास्त मुदतीच्या पिकासाठी एक हंगाम थकल्यावर कर्ज एनपीए ठरतं. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो, तोडीला यायला सोळा-अठरा महिने, मग बिल, मग देय तारीख, मग थकण्याचा हंगाम. लागणीच्या वेळी दिलेलं कर्ज बुडीत आहे हे वहीवर दिसायला अडीच-तीन वर्षं सहज जातात. त्यातच उसाचं बिल नियमानं १४ दिवसांत मिळायला हवं; कारखान्यानं ते लांबवलं की शेतकरी, विकास सोसायटी आणि जिल्हा बँक अशी सगळी माळ एका मागोमाग एक थकत जाते. शेतकऱ्यानं काहीच चुकीचं केलेलं नसतं.

एक स्टॉक स्टेटमेंट, जवळून

व्यापारी कर्जात उशीर वेगळ्या जागी लपतो. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याचं १ कोटीचं कॅश क्रेडिट (मालाच्या तारणावर लागेल तसं उचलायचं कर्ज) धरू. दर महिन्याला तो बँकेला स्टॉक स्टेटमेंट देतो. त्यात लिहिलंय: गोदामात हळद १ कोटी २० लाखांची, गिऱ्हाइकांकडून येणं ४० लाख, अडत्यांना देणं ५० लाख.

शाखेत पुष्कळदा काय होतं? माल १ कोटी २० लाख, कर्ज १ कोटी, बसतंय, फाईलला लावा. बरोबर हिशोब असा करायचा. माल १ कोटी २० लाख, त्यातून ज्याचे पैसेच दिलेले नाहीत तो ५० लाखांचा माल वजा. उरले ७० लाख. त्यावर २५ टक्के मार्जिन (सुरक्षेसाठी हिशोबात न धरायचा हिस्सा) सोडलं की साडेबावन्न लाख. येणं ४० लाख, त्यातलं १५ लाख ९० दिवसांपेक्षा जुनं, ते धरायचं नाही. २५ लाखांवर ४० टक्के मार्जिन सोडून १५ लाख. म्हणजे या महिन्याची उचल मर्यादा, ज्याला बँकेत डीपी म्हणतात, साडेसदुसष्ट लाख. मंजुरी १ कोटीची असली तरी उचल यापुढे जायला नको. सिस्टममध्ये डीपी १ कोटीच ठेवला असेल, तर साडेबत्तीस लाख आज, या क्षणी, तारणाशिवाय बाहेर आहेत. पण खातं मात्र ‘नियमित’ दिसतंय.

आणि हे तर स्टेटमेंट खरं धरून. गोदामात गेल्यावर पाहायच्या गोष्टी वेगळ्या. पोत्यांची थप्पी पुढून भरलेली आणि मधे पोकळ आहे का. म्हणून कडेनं आणि वरून मोजायचं, नुसतं दारातून नाही. हळद या हंगामाची की गेल्या. जुन्या हळदीला कीड लागते आणि भाव कमी येतो, पण स्टेटमेंटमध्ये दर नव्याचा. विमा आहे का, त्यात पूर येतो का, पॉलिसीवर बँकेचं नाव आहे का. आणि हाच माल दुसऱ्या बँकेकडेही तारण आहे का. तासगावच्या बेदाण्याचं तसंच. माल शीतगृहात, पावती बँकेत. पावती एक आणि पेट्या दुसऱ्याच, असं होऊ नये म्हणून शीतगृहाच्या नोंदवहीत बँकेचा बोजा चढवून, लॉट नंबर जुळवून, मधूनच एखादी पेटी उघडून पाहावी लागते. हिरवा बेदाणा जुना झाला की काळपट पडतो आणि त्याचा दर पडतो. सहा महिन्यांपूर्वीच्या दरानं दिलेलं कर्ज मग उघडं पडतं.

सगळं एकाच पाण्यात

जोखीम विखरावी असं सगळीकडे सांगतात. सांगलीत हे करणं खरोखर कठीण आहे. इथली बँक ऊस उत्पादकाला कर्ज देते, तोडणी-वाहतुकीच्या ट्रॅक्टरला देते, खतविक्रेत्याला देते, कारखान्याच्या गावातल्या कपड्याच्या दुकानाला देते. कर्जदार चार, धंदे चार, पण पैसा एकाच उसातून येतो. कागदावर चार वेगवेगळी क्षेत्रं, प्रत्यक्षात एक.

पुरानं हे तीनदा दाखवून दिलं: २००५, २०१९, २०२१. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोका पातळी ४५ फूट आहे. त्या आठवड्यात गणपती पेठेतलं दुकान, नदीकाठचा ऊस आणि गावभागातलं घर हे सगळं एकदम पाण्यात होतं. म्हणजे बँकेचा कर्जदार, त्याचा जामीनदार आणि दोघांचं तारण, तिन्ही. जामीनदार शक्यतो वेगळ्या व्यवसायातला आणि वेगळ्या भागातला घ्यावा, हा साधा नियम इथे का महत्त्वाचा, ते यावरून कळावं. हरिपूरची हळदीची पेवं (जमिनीखालची कोठारं) पिढ्यान्‌पिढ्या भरवशाची होती, २००५ च्या पुरात त्यांतली बहुतेक निकामी झाली. पन्नास वर्षांत झालं नाही ते होतच नाही, असं धरून तारणाची किंमत लावता येत नाही. पूररेषेतलं गोदाम आणि मिरज-कुपवाडच्या उंचावरचं गोदाम यांना एकच मार्जिन लावणारी बँक डोळे मिटून चालली आहे.

एकाच माणसाला किती द्यायचं यावर रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहेच. नागरी सहकारी बँकेनं एका कर्जदाराला टियर-१ भांडवलाच्या (भाग भांडवल आणि मुख्य निधी यांच्या) १५ टक्के आणि एका समूहाला २५ टक्क्यांच्या वर देऊ नये. आपल्या १० कोटीवाल्या बँकेला म्हणजे दीड कोटी आणि अडीच कोटी. मुंबईतल्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेत २०१९ मध्ये काय सापडलं? एकूण कर्जाच्या ७० टक्क्यांहून जास्त रक्कम एका बांधकाम समूहाकडे, आणि ती झाकायला हजारो बनावट खाती. तिथे मर्यादा कागदावर होती, तरीही. ‘समूह’ ओळखायचा तर नावावर जाऊ नये. पत्ता, मोबाइल क्रमांक, जामीनदार आणि एका खात्यातून दुसऱ्यात जाणारे पैसे पाहावेत.

सोनं, आणि त्याच्या आतलं

सोनेतारण सर्वांत सुरक्षित, असा समज आहे आणि तो बराचसा खराही आहे. भाव चढता असला की सगळ्यांचंच बरं दिसतं. खरा प्रश्न भाव पडल्यावर येतो, म्हणून किमतीच्या तुलनेत कर्जाची मर्यादा असते. १ एप्रिल २०२६पासूनच्या नियमांत अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८० आणि त्यावर ७५. यातली खोच अशी की मुदतीअखेर एकरकमी फेडायच्या कर्जात ही टक्केवारी व्याजासकट मोजायची. १ लाखाचं सोनं, वर्षाची मुदत, १० टक्के व्याज: अखेरची रक्कम ८५ हजारांच्या आत हवी, म्हणजे आज हातात देता येतात सुमारे ७७ हजार. सरसकट ८५ हजार दिले तर वर्षाखेर येणं साडेत्र्याण्णव हजार होतं आणि भाव थोडा जरी घसरला तरी लिलावात बँकेचे पैसे निघत नाहीत.

दुसरी जोखीम दागिन्याच्या पोटात असते. जाड मुलामा दिलेले तोडे कसोटीवर खरे उतरतात, कारण कसोटी वरचा थर घासते. किरणांनी शुद्धता सांगणारं यंत्रही पृष्ठभागाचंच सांगतं. भरीव दागिन्यासाठी सर्वांत स्वस्त तपासणी पाण्याची. ५० ग्रॅमचा २२ कॅरेटचा भरीव दागिना सुमारे २.८ मिलिलिटर पाणी सारतो. आत चांदी असेल तर पाणी ४.८ च्या दिशेनं सरकतं, तांबं असेल तर त्याहून पुढे. बारीक खुणांचं नळकांडं आणि चांगला काटा, एवढंच लागतं. पोकळ किंवा लाख भरलेल्या दागिन्याला ही रीत चालत नाही. त्याला कड घासून किंवा मालकाच्या संमतीनं छेद देऊनच पाहावं लागतं, आणि लाख, खडे, मणी यांचं वजन आधी वजा करावं लागतं.

आपल्या विटा-खानापूर-आटपाडी भागातली माणसं देशभर सोन्या-चांदीची गलाई (वितळवून शुद्ध करण्याचं काम) करतात. सोनं ओळखणाऱ्यांची इथे वाण नाही. फसवणूक होते ती बहुतेकदा रचनेमुळे: शाखेत एकच मूल्यांकक, त्याला प्रत्येक कर्जामागे फी, वर्षानुवर्षं तोच, आणि फेरतपासणी करणाराही त्याच्याच ओळखीचा. मूल्यांकक फिरते ठेवायचे, तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे ठेवायच्या, आणि तिसऱ्या गावच्या सराफानं न सांगता येऊन दहातली एक पिशवी उघडायची. शेवटची गोष्ट सर्वांत जास्त टाळली जाते आणि सर्वांत जास्त कामाची तीच आहे.

व्याजदर आणि घाई

कर्जं बिघडली नाहीत तरी बँक अडचणीत येऊ शकते. बँकेनं ६ टक्के व्याजाचा दहा वर्षांचा सरकारी रोखा १०० रुपयांना घेतला. पुढे बाजारात तसाच रोखा साडेसात टक्क्यांनी मिळू लागला. आता जुना कोण शंभरला घेईल? हिशोब केला तर त्याला सुमारे ८९ रुपये ७० पैसे येतात. सरकार बुडालेलं नाही, व्याज वेळेवर येतंय, तरी शंभरातले दहा गेले. मुदतीपर्यंत ठेवायच्या गटात रोखा असेल तर ही घट ताळेबंदात दाखवावी लागत नाही, आणि मुदतीपर्यंत थांबता आलं तर पैसे पूर्ण मिळतातही. पण थांबता येईल का, हे ठेवीदार ठरवतात.

अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेचं मार्च २०२३ मध्ये हेच झालं. रोखे विकून सुमारे १.८ अब्ज डॉलरचा तोटा झाल्याचं जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी, एका दिवसात, ४२ अब्ज डॉलर काढून घ्यायला ठेवीदार धावले. आपल्याकडेही मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रेपो दर (रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दरानं पैसे देते तो) ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला होता. ज्या बँकांनी दर तळाशी असताना लांब मुदतीचे रोखे भरून ठेवले होते, त्यांना तो काळ जड गेला.

लहान बँकेनं यासाठी फार मोठं शास्त्र करायची गरज नाही. येत्या १४ दिवसांत, २८ दिवसांत, तीन महिन्यांत किती ठेवी मुदतीला येतात आणि तेवढ्यात किती पैसे हाती येतील, याचा तक्ता करायचा आणि तो खरोखर वाचायचा. दुसरं, पहिल्या वीस ठेवीदारांकडे एकूण किती टक्के ठेवी आहेत ते पाहायचं. आपल्याकडे या वीसांत बऱ्याचदा पतसंस्था, ट्रस्ट, कारखाना असतात. त्यांतला एक उठला तर शंभर घरांच्या ठेवी उठल्यासारखं होतं. वर्षाच्या ठेवीवर पंधरा वर्षांचं गृहकर्ज देणं हा बँकिंगचा धंदाच आहे, त्यात चूक नाही. पण त्याचं प्रमाण माहीत नसणं ही चूक आहे.

संगणक दुसऱ्याचा, जबाबदारी आपली

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. ११ आणि १३ ऑगस्टला मिळून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. ११ ऑगस्ट २०१८ ला शनिवार होता, आणि सुटीच्या तोंडावर हात मारणं ही या चोरांची जुनी खोड आहे. ३१ जुलै २०२४ ला वेगळाच प्रकार झाला. अनेक लहान बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे यंत्रणा अडवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा, हल्ला झाला आणि सुमारे ३०० बँकांचा पेमेंट यंत्रणेशी संपर्क तोडावा लागला. त्या बँकांनी स्वतः काही चुकवलं नव्हतं. पण ग्राहकाला कंपनीचं नावही माहीत नसतं, तो येतो बँकेच्या काउंटरवर.

शाखेच्या पातळीवर मात्र अजूनही जुनीच दुखणी जास्त महागात पडतात. साहेब जेवायला गेले म्हणून त्यांच्या पासवर्डनं कारकुनानं एंट्री पास करणं. मग करणारा आणि तपासणारा एकच झाला. निवृत्त माणसाचा युजर आयडी तसाच चालू. ‘सस्पेन्स’ खात्यात, म्हणजे कुठल्या खात्यावर घालायच्या ते न ठरलेल्या रकमांच्या खात्यात, महिनोन्‌महिने पडलेल्या रकमा. युपीआय आणि एटीएमचा ताळमेळ रोज न घालता शनिवारी घालणं. गैरव्यवहाराचं पहिलं बीज बहुतेकदा सस्पेन्स खात्यात सापडतं, म्हणून सात दिवसांवरची प्रत्येक नोंद मुख्य कार्यालयानं नावानिशी विचारावी. संवेदनशील जागेवरच्या माणसाला वर्षातून सलग दहा कामाचे दिवस सक्तीची रजा द्यायची असते. ती त्याच्या विश्रांतीसाठी नाही, त्याच्या जागी दुसरा बसला की काय उघड होतं हे पाहण्यासाठी आहे. ‘तो वीस वर्षांत एक दिवस रजेवर गेला नाही’ हे बँकेत कौतुकानं सांगितलं जातं. तपासणी करणाऱ्यानं तिथेच आधी बघावं.

ग्राहकाच्या खात्यातून फसवून पैसे गेले तर १९३० ला फोन लगेच, आणि बँकेला लेखी तीन कामाच्या दिवसांत. चूक ग्राहकाची नसेल आणि कळवणं या मुदतीत झालं असेल तर तोशीस त्याच्यावर येत नाही.

अहवाल हातात आल्यावर

१०० कोटींवर ठेवी असलेल्या नागरी बँकेत आता संचालक मंडळाबरोबर व्यवस्थापन मंडळही असावं लागतं, संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देता येत नाही, मुख्य कार्यकारी अधिकारी नेमायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. नियम पुरेसे आहेत. कमी पडतात ते प्रश्न विचारणारे सभासद. वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होते, अहवाल त्याआधी घरी येतो आणि बहुतेक घरांत तो लाभांशाचं पान पाहून ठेवून दिला जातो.

त्या अहवालात ढोबळ एनपीए आणि (तरतूद वजा करून उरणारा) निव्वळ एनपीए दोन्ही पाहा, टक्के आणि रुपये दोन्हींत. मार्चमध्ये भरमसाट नवी कर्जं वाटली की टक्का खाली येतो, रुपये तेवढेच राहतात. मागच्या तीन वर्षांचे आकडे शेजारी लिहून काढा. भांडवल पर्याप्तता, म्हणजे जोखीमभारित मालमत्तेच्या तुलनेत भांडवल, किती, ते पाहा. कर्ज-ठेव प्रमाण पाहा.

आणि एक ओळ मुद्दाम शोधा. देणी बाजूला ‘थकीत व्याज तरतूद’ किंवा ‘एनपीएवरील व्याज निधी’ अशा नावाची मोठी रक्कम असते आणि नाव वाचून ती बँकेची गंगाजळी वाटते. ती तशी नाही. बुडीत खात्यांवरचं न आलेलं व्याज येणं बाजूला दाखवलेलं असतं, आणि तेवढीच रक्कम बरोबरी साधायला देणी बाजूला. दोन्ही बाजूंनी ती काढून टाकून मग ताळेबंदाचा आकार आणि निधी मोजा. ही ओळ दर वर्षी फुगत असेल तर जुनी थकबाकी हलत नाहीये, एवढं तिच्यावरून कळतं, मग पहिल्या पानावरचं मनोगत काहीही म्हणो.

ठेवीचा विमा ४ फेब्रुवारी २०२०पासून पाच लाखांचा आहे. मुद्दल आणि व्याज मिळून, एका बँकेच्या सगळ्या शाखांतल्या एका नावाच्या ठेवी एकत्र धरून. बँकेवर निर्बंध आले तर ९० दिवसांत ही रक्कम देण्याची तरतूद २०२१ च्या दुरुस्तीनं झाली. पाच लाखांची ठेव ठेवली तर व्याज विम्याबाहेर राहतं, म्हणून व्याज धरून पाच लाखांच्या आत बसेल इतकी ठेवावी. शेअर्सच्या रकमेला विमा नाही. पतसंस्थेतल्या ठेवीलाही हा विमा नाही, मग तिथे बँकेसारखंच काउंटर, बँकेसारखंच पासबुक आणि पाटीवर बँकेपेक्षा दीड टक्का जास्त व्याज लिहिलेलं असलं तरी.